महाडच्या तळ्याचे सहकारी

कल्याणहून कसाऱ्याच्या वाटेला लागलें म्हणजे पहिलेंच स्थानक शहाड. त्याच्या जवळून उल्हास नदी वाहते. तिचें पाणी येथें उचललें जातें, भिवंडीजवळ टेमघरला शुद्ध होतें आणि ठाणें, भिवंडी, मीरा-भाईंदर या शहरांना पुरविलें जातें. नळाखालीं घागर धरणाऱ्याची जात त्या पाण्याला ठाऊक नसते. ही गोष्ट आपणांस इतकी स्वाभाविक वाटते कीं, ती कोणी तरी कष्टानें मिळविलेली आहे याचें स्मरणहि राहत नाहीं. सार्वजनिक पाण्यावरील हक्काचा जो खटला महाराष्ट्रांत गाजला, तो उच्च न्यायालयापर्यंत पोंचण्यापूर्वीं ठाण्याच्याच न्यायालयांत चालला होता. तो खटला महाडच्या चवदार तळ्याचा.

त्या तळ्याची कथा निघाली कीं डॉ. आंबेडकरांचें नांव प्रथम येतें, आणि तें योग्यच आहे. परंतु आज मी त्यांच्या बाजूस उभ्या राहिलेल्या कांहीं माणसांविषयीं बोलणार आहें. हीं माणसें अस्पृश्य गणलेल्या समाजांत जन्मलेलीं नव्हतीं. तळ्याचें पाणी पिण्यास त्यांना कोणाचीहि आडकाठी नव्हती. स्वतःची तहान भागलेली असतांना दुसऱ्याच्या तहानेसाठीं उभें राहणें, आणि उभें राहूनहि त्याच्या पुढें न घुसणें, ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाहीं.

अशा सोबतीचें मोल महाराष्ट्रानें फार पूर्वीं जाणलें होतें. 1873 सालीं जोतीराव फुले यांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील सत्पुरुषांना अर्पण केलें. काळ्या लोकांची गुलामी नष्ट व्हावी म्हणून तेथील लोकांनीं जो निःस्वार्थ त्याग केला, त्याचा गौरव करून आपल्या देशबांधवांनींहि तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यांनीं त्या अर्पणपत्रिकेंत प्रकट केली. वर्णाचा अन्याय आणि जातीचा अन्याय यांचें नातें फुल्यांनीं असें दीडशें वर्षांपूर्वींच ओळखलें होतें.

कित्ता गिरविणारे हात पुढें आले, पण सावकाश. 4 ऑगस्ट 1923 रोजीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत रावबहादुर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी अथवा सार्वजनिक पैशानें बांधलेलीं व चालविलेलीं पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायकचेऱ्या, दवाखाने हीं सर्व ठिकाणें अस्पृश्यांना मोकळीं असावीं, असा त्याचा आशय होता. बोले हे भंडारी समाजाचे पुढारी. ज्या सभागृहांत त्यांना आसन होतें तेथें त्यांनीं हा प्रश्न उभा केला. पुढें तीन वर्षांनीं, 1926 सालीं, त्यांनीं दुसरा ठराव आणला. जी स्थानिक संस्था पहिला ठराव अंमलांत आणणार नाहीं तिला सरकारनें पैशाची मदत देऊं नये, असें त्यांत म्हटलें होतें. पहिल्या ठरावाचें काय झालें हें पाहण्यासाठीं ते मागें वळले, हें मला पहिल्या ठरावाइतकेंच महत्त्वाचें वाटतें. अनेक हितचिंतक टाळ्या मिळाल्या कीं घरीं जातात.

महाडच्या म्युनिसिपालिटीनें 1924 च्या जानेवारींत चवदार तळें सर्वांना मोकळें असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ उर्फ सुरबानाना टिपणीस हे या म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष होते. ते कायस्थ प्रभु समाजांतले. ठराव झाला खरा, पण तळ्याच्या पायरीवर कोणी उतरूं धजला नाहीं. कागदावर दार उघडें होतें आणि गांवाच्या धाकानें तें बंद होतें.

तें ज्यांनीं प्रत्यक्ष उघडलें ते त्या समाजांतलेच होते. महाडच्या पंचक्रोशींत गोपाळबाबा वलंगकरांनीं एकोणिसाव्या शतकांतच जागृतीचें बीज पेरलें होतें. रामचंद्र बाबाजी मोरे या तरुणानें परिषदेसाठीं खटपट केली. 19 आणि 20 मार्च 1927 रोजीं कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली आणि हजारों माणसें जमलीं. परिषदेच्या मंडळींना पिण्यासाठीं स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचें पाणी विकत घ्यावें लागलें. तळें भरलेलें, ठराव झालेला, आणि तहानेला मात्र रोख रक्कम मोजावी लागत होती!

दुसऱ्या दिवशीं अनंतराव चित्रे उठले. तेहि कायस्थ प्रभु. आपण सर्वांनीं आतांच तळ्यावर जाऊन पाणी घ्यावें, अशी सूचना त्यांनीं मांडली. मिरवणूक निघाली. डॉ. आंबेडकर तळ्यांत उतरले, त्यांनीं पाणी प्राशन केलें, आणि मागोमाग इतरांनीं. पहिली ओंजळ आंबेडकरांचीच होती. चित्रे पाणी प्याले असते तर त्यानें कांहींच सिद्ध झालें नसतें. ज्याला तें नाकारलें होतें त्याच्या हातीं तें पोंचणें, हाच त्या दिवसाचा अर्थ होता. सहकाऱ्याची जागा कोठें असते, तें येथें स्पष्ट दिसतें.

त्यानंतर काय घडलें तें सर्वांना माहीत आहे. हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार, अशी हूल उठली आणि परतणाऱ्या निःशस्त्र मंडळींवर लाठ्या पडल्या. कित्येकांना मुसलमानांच्या घरांनीं आसरा दिला. मागाहून पंचगव्याच्या घागरी ओतून तळें ‘शुद्ध’ करण्यांत आलें. ऑगस्टमध्यें म्युनिसिपालिटीनें आपला 1924 चा ठराव रद्द केला. अनुकूल वाऱ्यावर केलेले ठराव असे प्रतिकूल वाऱ्याबरोबर उडून जातात.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पुन्हां सत्याग्रह करण्याचें ठरलें. परिषदेच्या मंडपाला हिंदूंची जागा मिळेना. ती फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थानें दिली. त्यानें भाषण केल्याचें कोणी सांगत नाहीं. जमिनीचा एक तुकडा मात्र त्यानें दिला, आणि त्या दिवशीं भाषणापेक्षां त्याचीच गरज होती.

याच सुमारास मदतीचा आणखी एक हात पुढें आला, पण त्याला अट चिकटलेली होती. ब्राह्मणेतर पक्षाचे पुढारी केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनीं सत्याग्रहास पाठिंबा देऊं केला. मात्र त्यांत ब्राह्मणांना घेऊं नये, असें त्यांचें म्हणणें होतें. पाठिंब्याची निकड असतांनाहि आंबेडकरांनीं ही अट मानली नाहीं. आपला लढा ब्राह्मण म्हणून जन्मलेल्या माणसाशीं नसून उच्चनीचतेच्या भावनेशीं आहे, अशी त्यांची भूमिका होती. सोबत कोणाची घ्यावी, हें ठरविण्याचा अधिकार ज्याचा लढा आहे त्याचा असतो, सोबत्याचा नव्हे. 25 डिसेंबर 1927 रोजीं मनुस्मृति जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मणानेंच, आणि त्यास अनुमोदन दिलें पां. ना. राजभोज यांनीं.

कोर्टाचा मनाईहुकूम आल्यामुळें तळ्यावर जाणें त्या वेळीं तहकूब झालें आणि लढा न्यायालयांत गेला. महाडच्या न्यायालयाचा निकाल 1931 सालीं लागला, ठाण्याच्या न्यायालयानें तो 1933 सालीं कायम केला, आणि 17 मार्च 1937 रोजीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें त्यावर शिक्कामोर्तब केलें. अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करणारी अनादि कालापासूनची रूढि प्रतिपक्षाला शाबीत करतां आली नाहीं. एका ओंजळीचा न्याय होण्यास दहा वर्षें लागलीं.

या दहा वर्षांत ते सहकारी कोठें होते? सहस्रबुद्धे पुढें ‘जनता’ पत्राचें संपादन करीत होते. देवराव नाईक या ब्राह्मण गृहस्थांनीं 1928 सालीं ‘समता’ आणि 1930 सालीं ‘जनता’ हीं पत्रें संपादक म्हणून चालविलीं. चित्रे आणि टिपणीस 1937 च्या निवडणुकींत आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले. एका दिवसाच्या जोशांत लढ्यांत उतरून ते परत फिरले नाहींत, आणि पक्षाचें पुढारीपणहि त्यांनीं आपल्याकडे घेतलें नाहीं. तेव्हां बसलेल्या लाठ्या मुख्यतः कोणाच्या डोक्यावर बसल्या, हेंहि विसरतां कामा नये. सोबत्याचा त्याग खरा असला तरी तो मूळ दुःखाच्या बरोबरीचा नसतो. याची जाणीव राहिली म्हणजे उपकाराची भाषा आपोआप गळून पडते.

26 जानेवारी 1950 रोजीं अंमलांत आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत विहिरी, तळीं आणि स्नानाचे घाट यांचा नांवानिशीं उल्लेख आहे, आणि सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली आहे. महाडचें तळें अशा रीतीनें साऱ्या देशाच्या कायद्यांत येऊन मिळालें. पण कायद्याचा ठराव आणि तळ्याची पायरी यांत केवढें अंतर असूं शकतें, हें महाडनेंच आपणांस दाखविलें आहे. तें अंतर आज शहरांतील सुशिक्षित घरांतहि सांपडतें. कामाला येणाऱ्या बाईसाठीं कोपऱ्यांत निराळा ठेवलेला कप, भाड्यानें जागा देण्यापूर्वीं आडनांवावरून केलेली चौकशी, गटारांत उतरणाऱ्या माणसाला ओंजळींत वरून ओतलेलें पाणी, हीं सर्व त्याच अंतराचीं मापें आहेत.

हीं मापें पुसण्यासाठीं प्रत्येकाला कौन्सिलांत बसण्याची गरज नाहीं. बोल्यांजवळ आसन होतें, टिपणिसांजवळ अधिकार होता, फत्तेखानाजवळ जमीन होती, नाईक-सहस्रबुद्ध्यांजवळ लेखणी होती. ज्याच्या हातीं जें होतें तें त्यानें दिलें, तें देतांना अट घातली नाहीं, आणि निकाल लागेपर्यंत हात मागें घेतला नाहीं. आपल्या हातीं निदान स्वतःच्या घराचें दार आहे, सोसायटीच्या सभेंतील एक मत आहे आणि स्वयंपाकघरांतील कपांची एक फळी आहे. आरंभ तेथून करण्यास कोणत्याहि ठरावाची वाट पाहावी लागत नाहीं.