निकाल कोणाचा, किल्ली कोणाकडे?

संगणकावरच्या सामूहिक खेळांत खेळाडू घटना लिहितात, निवडणुका घेतात, कुठे कुठे सर्वोच्च न्यायालयही नेमतात. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटतो. पण न्यायसंस्थेची ताकद नेमकी कशात असते, हा जुना प्रश्न या चिमुकल्या राज्यांत स्पष्ट दिसतो. ‘लॅम्डामू’चा इतिहास त्यासाठी पाहण्याजोगा आहे.

१९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात ‘मड’ हा अनेकांनी एकत्र खेळायचा, केवळ शब्दांचा खेळ जन्मला. त्याच कुळातले लॅम्डामू पावेल कर्टिस यांनी १९९० मध्ये कॅलिफोर्नियात, झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या संगणकावर उभे केले. तिथे चित्रे नव्हती; शब्दांत वर्णिलेले एक भले मोठे घर होते आणि आज्ञा टंकून लोक त्यात वावरत. सर्व्हरचे सर्वाधिकार असणाऱ्यांना ‘विझार्ड’ म्हणत. भांडणे निस्तरून थकलेल्या विझार्डांच्या वतीने कर्टिस यांनी डिसेंबर १९९२ मध्ये जाहीर केले, की यापुढे आम्ही फक्त तांत्रिक कामे पाहू. समाजाचे प्रश्न समाजाने सोडवावेत.

तीनच महिन्यांत कसोटी लागली. ‘मिस्टर बंगल’ नावाच्या पात्राने एका प्रोग्रॅमच्या आधारे इतरांच्या पात्रांवर दिवाणखान्यात, सर्वांसमक्ष शाब्दिक लैंगिक अत्याचार केले. रहिवाशांची सभा भरली, वाद झाला, निर्णय मात्र झाला नाही. अखेर एका विझार्डने एकट्याच्या अधिकारात ते पात्र पुसून टाकले. शिक्षा बहुतेकांना हवीच होती. पण ती द्यायचा अधिकार कोणाचा, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

परतल्यावर कर्टिस यांनी अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. विरोधी मतांच्या दुप्पट मते पडली तर प्रस्ताव मंजूर. याच वाटेने लवाद आले : रहिवाशांमधूनच पुढे आलेले स्वयंसेवक तक्रारी ऐकून निकाल देऊ लागले.

मात्र दोन दारे विझार्डांच्याच ताब्यात राहिली. अर्ज मतदानाला जाण्याआधी तो अमलात आणण्याजोगा आहे का, हे तेच तपासत. आणि निकालानंतर पात्र काढून टाकण्यासारखी शिक्षा प्रत्यक्षात तेच बजावत. कायद्याची वैधता पाहणे हे एरवी सर्वोच्च न्यायालयाचे काम. इथे ते ‘तांत्रिक तपासणी’ या नावाखाली दुसरीकडेच चालले होते.

मे १९९६ मध्ये विझार्डांनी लेखी निवेदन काढून माघार घेतली. तांत्रिक आणि सामाजिक यांतली रेघ आखता येत नाही, असे त्यांनी कबूल केले आणि सामाजिक परिणाम घडवणारे निर्णयही यापुढे आपण घेऊ, असे सांगितले.

खऱ्या देशातल्या न्यायालयाकडेही स्वतःचे सैन्य नसते. पण तिथे निकाल हजारो हातांतून अमलात येतो : कारकून, पोलीस, तुरुंगाधिकारी. कोणी नकार दिला तर तो दिसतो, त्याचा जाब विचारता येतो. सर्व्हरवर हे सारे हात एकाच किल्लीत सामावलेले असतात. तिथले न्यायालय किल्लीवाल्याच्या संयमाइतकेच बलवान.

म्हणून ते निरर्थक ठरत नाही. १९९३ मध्ये एका विझार्डला एक पात्र पुसण्यासाठी कोणाची परवानगी लागली नव्हती. १९९६ मध्ये सत्ता परत घेताना विझार्डांना कारणे लिहून द्यावीशी वाटली. मधल्या तीन वर्षांत त्या घरातल्या लोकांना जाब विचारण्याची सवय लागली होती.