अ‍ॅम्प्लिफायर आपणहून गाऊ लागतो तेव्हा

शालेय विज्ञान प्रदर्शनात घरी जोडलेला एखादा तरी अ‍ॅम्प्लिफायर हमखास असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा जवळच्या शहरातल्या रेडिओच्या दुकानातून सुटे भाग आणून मुलांनी तो जोडलेला असतो. बटण दाबले की तीनपैकी एक गोष्ट घडते. एक तर चांगला आवाज येतो. किंवा काहीच येत नाही. किंवा आत कोणताही संकेत दिलेला नसताना स्पीकरमधून घूंऽऽ, पुट्-पुट् नाहीतर बारीक शिट्टी ऐकू येऊ लागते. तिसरी गोष्ट घडली की मुले गोंधळतात. "जोडणी तर आकृतीप्रमाणेच आहे, सर," असे ती म्हणतात आणि पुष्कळदा ते खरेही असते.

हा आपणहून गाणारा अ‍ॅम्प्लिफायर आम्हांला सर्वांत बोधप्रद वाटतो. नामवंत अभियंत्यांनाही त्याने वर्षानुवर्षे छळले आहे, आणि त्या छळातूनच अ‍ॅम्प्लिफायर तपासण्याचे शास्त्र उभे राहिले. ते कसे घडले, हे या लेखात पाहू.

बाहेर पडलेले आणि आत गेलेले

गोष्ट सुरू होते टेलिफोनच्या तारांपासून. १९१५ साली न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को अशी टेलिफोनची तार सुरू झाली. इतक्या अंतरावर आवाज क्षीण होतो, म्हणून वाटेत ठिकठिकाणी निर्वात नळ्यांचे, म्हणजे व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर बसवावे लागत. एकाच तारेवरून अनेक संभाषणे पाठवायची तर अशा अ‍ॅम्प्लिफायरची लांबच लांब माळ हवी. पण व्हॉल्व्ह आवाज नुसता मोठा करत नाही, थोडा बिघडवतोही. एका अ‍ॅम्प्लिफायरमधली विकृती कानाला कळणार नाही. शेकडो अ‍ॅम्प्लिफायरमधून गेल्यावर मात्र शब्द ओळखू येणार नाहीत.

हा प्रश्न हॅरॉल्ड ब्लॅक या तरुण अभियंत्याने अंगावर घेतला. त्याची पहिली युक्ती सरळ होती. बाहेर पडलेला संकेत मूळ आकाराएवढा लहान करायचा, त्यातून आत दिलेला संकेत वजा करायचा. जी बाकी उरेल ती विकृती. ती दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरने मोठी करून बाहेरच्या संकेतातून काढून टाकायची. १९२३ साली त्याने हे करून दाखवले. युक्ती चालली, पण वजाबाकी अचूक राहण्यासाठी व्हॉल्व्हच्या तंतूचा प्रवाह कुणीतरी तासातासाला जुळवत बसावे लागे. शेकडो ठिकाणी अशी माणसे बसवणे शक्य नव्हते.

१९२७ च्या ऑगस्टमध्ये हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीतून कामावर जात असताना ब्लॅकला दुसरी युक्ती सुचली आणि ती त्याने हातातल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावर उतरवून ठेवली. बाहेर पडलेल्या संकेताचा छोटा हिस्सा उलटा करून पुन्हा आत द्यायचा. म्हणजे वजाबाकी माणसाने करायची नाही, अ‍ॅम्प्लिफायरनेच क्षणोक्षणी करायची. याला ऋण प्रत्याभरण म्हणतात. प्रत्याभरण हा शब्द आपण शिक्षक अध्यापनशास्त्रात वापरतो, तोच हा.

याचा हिशेब आठवी-नववीचा विद्यार्थीही करू शकेल. समजा अ‍ॅम्प्लिफायर संकेत १००० पट करतो आणि बाहेरच्या संकेताचा ५० वा भाग आपण उलटा करून आत देतो. मग एकूण वाढ १००० भागिले २१, म्हणजे सुमारे ४७.६ पट होते. आता व्हॉल्व्ह म्हातारा झाला आणि त्याची वाढ निम्मी, ५०० पट उरली. एकूण वाढ ५०० भागिले ११, म्हणजे ४५.५ पट. आतली ताकद निम्म्यावर आली, तरी बाहेर पाच टक्क्यांचाही फरक पडला नाही! विकृतीही याच रीतीने आक्रसते. किंमत एकच, ती म्हणजे हाताशी असलेली बहुतेक वाढ सोडून द्यावी लागते.

कष्टाने मिळवलेली वाढ मुद्दाम फेकून द्यायची, ही कल्पना त्या काळच्या तज्ज्ञांना विचित्र वाटली. ब्लॅकने १९२८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, पण पेटंट मिळाले १९३७ च्या डिसेंबरात. ब्रिटनच्या पेटंट कार्यालयाने तर या अर्जाला, कायम फिरत राहणाऱ्या यंत्राच्या अर्जाला द्यावी तशीच वागणूक दिली, असे ब्लॅकने पुढे लिहिले आहे.

ऋणाचे धन कसे होते?

शंका घेणाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. प्रत्याभरण दिलेले अ‍ॅम्प्लिफायर खरोखरच गाऊ लागत. टेलिफोन अभियंते या दोषाला 'गाणे'च म्हणत.

त्याचे कारण झोपाळ्यावरून समजावता येते. झोपाळा आपल्याकडे येत असताना आपण हात आडवा धरला तर तो थांबतो. पण तोच धक्का उशिरा, झोपाळा परत फिरल्यावर दिला, तर झोका वाढत जातो. धक्का तोच, वेळ चुकली. अ‍ॅम्प्लिफायरच्या प्रत्येक टप्प्यात संकेताला थोडा उशीर होतो. भौतिकशास्त्राच्या भाषेत त्याची कला बदलते. फार उच्च वारंवारतेला हे मागे पडणे आणि फार नीच वारंवारतेला पुढे सरकणे, दोन्ही वाढत जातात. कलेतला हा जादा फरक १८० अंश झाला की उलटा दिलेला संकेत सुलटा होतो. त्या वारंवारतेला वळशातली वाढ एकपट किंवा अधिक शिल्लक असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्याच आवाजाला खतपाणी घालू लागतो.

१९३२ साली हॅरी नायक्विस्ट याने याचा नियम सांगितला. वळसा तोडून ठेवायचा, वेगवेगळ्या वारंवारतेला वाढ आणि कला मोजायची आणि त्यांचा आलेख काढायचा. वळसा जोडल्यावर अ‍ॅम्प्लिफायर गाईल की नाही, हे त्या आलेखावरून आधीच सांगता येते. जोडून पाहू, बिघडले तर दुरुस्त करू, या रीतीच्या जागी मोजून मग जोडू ही रीत आली.

घराघरांतला विल्यमसन

प्रयोगशाळेतला हा दोष घरोघरी पोचला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४७ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन या तरुण अभियंत्याने एका अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा प्रसिद्ध केला. शक्ती १५ वॅट, विकृती ०.१ टक्क्याहून कमी. तो काळ पाहता हा आकडा थक्क करणारा होता. जगभरच्या हौशी लोकांनी हा अ‍ॅम्प्लिफायर जोडायला घेतला.

विल्यमसनने प्रत्याभरणाच्या वळशात शेवटचा ट्रान्सफॉर्मरही घेतला होता. म्हणून तो ट्रान्सफॉर्मर फार काळजीपूर्वक गुंडाळलेला असणे आवश्यक होते, आणि तसे त्याने बजावलेही होते. पण चांगला ट्रान्सफॉर्मर महाग. अनेकांनी बाकी सारे आकृतीप्रमाणे जोडले आणि ट्रान्सफॉर्मर मात्र मिळेल तो बसवला. साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये कलेचा फरक लवकर वाढतो. मग कुणाचा अ‍ॅम्प्लिफायर मोटारबोटीसारखा पुट्-पुट् करू लागला. आणि कुणाचा त्याहून वाईट रीतीने बिघडला: कानाला ऐकू येणार नाही एवढ्या उच्च वारंवारतेला तो गात राहिला. ऐकणाऱ्याला आवाज नुसता कर्कश वाटे. शेवटचे व्हॉल्व्ह मात्र विनाकारण तापत. असा दोष कानाने शोधता येत नाही. तो दिसायलाच हवा.

तो दिसतो ऑसिलोस्कोपवर, आणि त्यासाठी आत चौकोनी तरंग द्यायचा. १००० हर्ट्झचा चौकोनी तरंग म्हणजे १०००, ३०००, ५०००, ७००० अशा विषम पटींच्या साइन तरंगांची बेरीज. एकाच चाचणीत अनेक वारंवारतांची परीक्षा होते. चौकोनाचे माथे उतरते झाले तर नीच वारंवारतेत उणीव आहे. कोपरे गोल झाले तर उच्च वारंवारता कमी पडते आहे. कोपऱ्यापाशी लाटा उठल्या तर अ‍ॅम्प्लिफायर गाण्याच्या उंबरठ्यावर आहे. १९४९ च्या सुधारित आराखड्यात विल्यमसनने एक रोध आणि एक धारित्र यांची जोडी कायमची बसवली. आधी ती तात्पुरता उपाय म्हणून सुचवलेली होती. उच्च वारंवारतेला अ‍ॅम्प्लिफायर गाऊ नये, एवढेच तिचे काम.

तपासणाराही गाणाराच

तपासणीसाठी शुद्ध आणि स्थिर संकेत देणारा आंदोलक लागतो. स्वस्त आणि चांगला आंदोलक स्टॅनफर्डच्या विल्यम ह्यूलेट या विद्यार्थ्याने बनवला. आंदोलक म्हणजे मुद्दाम गायला लावलेला अ‍ॅम्प्लिफायरच. अडचण ही की त्याचे गाणे एक तर विझून जाते किंवा वाढत जाऊन बिघडते. ह्यूलेटने ऋण प्रत्याभरणाच्या मार्गात विजेचा एक लहान दिवा बसवला. आंदोलन वाढले की दिव्याची तार तापते, तिचा रोध वाढतो, त्यामुळे ऋण प्रत्याभरण वाढते आणि आंदोलन आवरले जाते. १९३९ साली ह्यूलेट आणि पॅकार्ड यांनी पालो आल्टोच्या एका गॅरेजात कंपनी सुरू केली ती या उपकरणाच्या बळावर. त्याची सुधारलेली आठ उपकरणे वॉल्ट डिस्नेच्या कंपनीने 'फँटेशिया' या १९४० च्या चित्रपटाच्या ध्वनियंत्रणेसाठी विकत घेतली.

आकडा खरा, प्रश्न चुकीचा

पुढे ट्रान्झिस्टर आले. जड ट्रान्सफॉर्मर गेला आणि ऋण प्रत्याभरण भरपूर देता येऊ लागले. पूर्ण आवाजाला मोजलेली विकृती नगण्य निघे. तरीही सुरुवातीचे अनेक ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर ऐकणाऱ्यांना खरखरीत वाटत. मोजणारे म्हणत, मापक खोटे बोलत नाही. ऐकणारे म्हणत, कान खोटे बोलत नाहीत. दोघेही बरोबर होते.

व्हॉल्व्हची विकृती आवाजाबरोबर वाढते, म्हणून ती पूर्ण आवाजाला मोजण्याची प्रथा पडली होती. ट्रान्झिस्टरच्या जोडीत मात्र तरंगाचा वरचा अर्धा भाग एक सांभाळतो व खालचा दुसरा. सिलिकॉन ट्रान्झिस्टर सुमारे ०.६ व्होल्ट मिळेपर्यंत वाहूच लागत नाही. त्यामुळे एकाकडून दुसऱ्याकडे काम सोपवताना मध्ये खाच पडते. मोठ्या आवाजात ती लपते, हळू आवाजात उघडी पडते. चाचणी नेमकी जिथे दोष दिसत नाही तिथेच घेतली जात होती. १९७० साली फिनलंडच्या मॅटी ओटाला याने आणखी एक गोष्ट दाखवली: अ‍ॅम्प्लिफायरचे अंतर्गत टप्पे मंद असतील तर अचानक उसळणाऱ्या आवाजाच्या वेळी प्रत्याभरण उशिरा पोचते आणि मधला टप्पा तेवढ्यापुरता भरून जातो. संथ साइन तरंगाने घेतलेल्या चाचणीत हा दोष दिसतच नाही.

प्रत्येक चाचणी फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. परीक्षेच्या गुणपत्रिका तयार करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे निराळे सांगायला नको.

शाळेच्या टेबलावर

आता प्रदर्शनातल्या त्या अ‍ॅम्प्लिफायरकडे वळू. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये चारशेहून अधिक व्होल्ट असू शकतात आणि ते जीव घेऊ शकतात. शाळेत १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा लहान अ‍ॅम्प्लिफायरच घ्यावा.

पहिल्यांदा वीज देताना बॅटरी आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये स्कूटरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब जोडावा. कारागीर याला सिरीज लॅम्प म्हणतात. जोडणी ठीक असेल तर बल्ब क्षणभर लुकलुकून विझतो. कुठे शॉर्ट असेल तर तो पेटून राहतो, तापलेल्या तारेचा रोध वाढतो आणि सुटे भाग जळत नाहीत. ह्यूलेटच्या दिव्याचे तत्त्व ते हेच.

मग स्पीकरऐवजी त्याच्याइतक्याच ओहमचा, पुरेशा वॅटचा रोध जोडून मल्टिमीटरने विश्रांतीतले व्होल्ट मोजावेत. बाहेरच्या टोकाला स्थिर व्होल्ट असतील तर स्पीकर जोडू नये. जळायचा तर स्वस्तातला रोध जळू द्यावा. संकेत पोचत नसेल तर अ‍ॅम्प्लिफायरच्या मधोमध संकेत देऊन पाहावा. तेथून पुढे आवाज आला तर दोष अलीकडच्या अर्ध्यात, न आला तर पलीकडच्या. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे करावे. सोळा टप्पे असले तरी चार चाचण्यांत दोष सापडतो. आणि अ‍ॅम्प्लिफायर गात असेल, तर आतली आणि बाहेरची तार एकमेकींजवळून गेली आहे का, जमिनीची तार सर्वांना एकच आहे का, हे आधी पाहावे. कारण नकळत बनलेला प्रत्याभरणाचा वळसा बहुधा तिथेच असतो.

या प्रत्येक पायरीला विद्यार्थ्याला आधी विचारावे, "इथे काय यायला हवे?" उत्तर वहीत लिहून झाल्यावरच मापकाची टोके लावू द्यावीत. यायला हवे ते आणि आले ते यांची वजाबाकी म्हणजे दोष. ब्लॅकने १९२३ साली हीच वजाबाकी हाताने केली होती, आणि फेरीबोटीत ती अ‍ॅम्प्लिफायरवर सोपवली. विद्यार्थी ती स्वतःच करू लागला, की "आकृतीप्रमाणेच जोडले आहे, सर," असे म्हणून तो थांबणार नाही. बिघाड नेमका कुठे आहे, ते तो शोधून दाखवील.