जिथे हात होता, तिथे सोलेनॉइड

किल्ली फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी 'टक्' असा आवाज येतो. तो सोलेनॉइडचा. गाडीत असे आणखी कितीतरी दडलेले असतात. ते शोधायचे तर आकृतीइतकाच इतिहासही उपयोगी पडतो.

वस्तू साधी आहे. तांब्याच्या तारेचं वेटोळं, आत सरकणारा लोखंडी दांडा आणि एक स्प्रिंग. वीज सोडली की दांडा ओढला जातो, तोडली की स्प्रिंग त्याला परत ढकलते. दांड्याने एखादी वाट उघड-बंद केली की झाला सोलेनॉइड व्हॉल्व्ह. 1820 मध्ये ऑर्स्टेडने विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलताना पाहिली. त्याच दशकात आंपिएरने अशा वेटोळ्याला 'नळी' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून सोलेनॉइड हे नाव दिलं.

सुरुवातीच्या मोटारी हँडल मारून चालू करत. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं, कधी जीवही जायचा. चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅकमध्ये आला. तरी पुढे बरीच वर्षं कित्येक गाड्यांत स्टार्टर पायाने दाबावा लागे. मग स्टार्टर मोटरच्या पाठीवर एक छोटं नळकांडं बसलं. हा सोलेनॉइड मोटरचं दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवतो आणि बॅटरीचा शेकडो अँपिअरचा प्रवाह मोटरला जोडतो. बॅटरीपासून निघणाऱ्या जाड तारेचा माग काढा, तो सापडेल.

थंडीत चोक ओढणारा हातही असाच सुटला. 1967 मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणाली फोक्सवॅगन 1600 मध्ये आली. कार्ब्युरेटरच्या जागी आलेले इंजेक्टर म्हणजे काही मिलिसेकंद उघडणारे सोलेनॉइड व्हॉल्व्हच. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत ते इंजिनाच्या माथ्याजवळ, दर सिलिंडरला एक, असे रांगेत दिसतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले मात्र सहसा आत, तेलात बुडालेले असतात.

प्रत्येक सोलेनॉइड हाताच्या जागी आला असं नाही. पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह नवंच काम करतो.

1978 मध्ये बॉशचं एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. ब्रेकच्या बारीक धातूच्या नळ्या बॉनेटखाली ज्या ठोकळ्यात शिरतात, त्यात याचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतात. निसरड्या रस्त्यावर चाक जाम होऊ लागलं की ते ब्रेकचा दाब क्षणभर सोडतात, पुन्हा धरतात. आपला पाय मात्र पेडलवर घट्ट रोवलेलाच असतो.

हा फरक मला, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला, मोठा वाटतो. स्टार्टरच्या सोलेनॉइडने आपला हुकूम पाळला. एबीएसचा सोलेनॉइड गरज पडली तर आपला हुकूम मोडतो. तो कधी मोडायचा हे कुणीतरी आधीच कोडमध्ये लिहून ठेवलेलं असतं. त्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला तारेचं एक वेटोळं असतं आणि त्याच्या भरवशावर गाडीतली माणसं.