अश्वशक्तीचा आकडा आणि होडीची फळी

काही दिवसांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक तरुण वाट पाहत उभा होता. पर्यटकांना खाडीत फिरवून तो आपला संसार चालवितो. सोळा फूट लांबीची फायबरची होडी आणि तिच्या मागच्या फळीवर बसविलेले पंचाहत्तर अश्वशक्तीचे आऊटबोर्ड इंजिन, एवढीच त्याची मिळकत. तो म्हणाला, "फादर, एक मेकॅनिक सांगतो, इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोग्रॅम भरला की हेच इंजिन एकशे पंधराचे काम देईल. नवीन इंजिन घ्यायला नको. करून घेऊ का?"

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. इंजिनावर लिहिलेल्या आकड्याला एक इतिहास आहे. तो पाहिल्याशिवाय त्या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणणे घाईचे झाले असते.

होडीच्या मागे अडकविण्याचे इंजिन अमेरिकेत १९०५ च्या सुमारास कॅमेरॉन वॉटरमन यांनी बनविले. पण ते खऱ्या अर्थाने लोकांपर्यंत पोहोचविले ते ऑली इव्हिनरूड यांनी. नॉर्वेत १८७७ साली जन्मलेला हा मुलगा लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला. असे सांगतात, की विस्कॉन्सिनमधील एका तळ्याच्या बेटावर सहलीला गेले असता त्यांच्या वाग्दत्त वधूला, बेसला, आईस्क्रीम खावेसे वाटले. ऑली उन्हात वल्ही मारीत किनाऱ्यावर जाऊन आले. परत येईतो आईस्क्रीम वितळून गेले होते. १९०९ साली त्यांचे जे इंजिन बाजारात आले त्याची शक्ती दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड आणि किंमत ६२ डॉलर होती. हिशेब आणि जाहिरात पत्नी बेस सांभाळी. पुढे तिची प्रकृती ढासळली तेव्हा त्यांनी भरभराटीचा धंदा विकून टाकला. १९२० नंतर ते पुन्हा या व्यवसायात उतरले, ते ॲल्युमिनियमचा भरपूर वापर केलेले, दोन सिलिंडरांचे इंजिन घेऊन. त्याचे वजन आधीच्या इंजिनापेक्षा कमी आणि शक्ती दुप्पट होती. ही वाढ जुनेच यंत्र अधिक पिळून मिळविलेली नव्हती; ती नव्या धातूची आणि नव्या बांधणीची होती.

इंजिने बळावत गेली तसा दुसरा प्रश्न पुढे आला: होडीला ते बळ सोसेल का? अमेरिकेने १९७१ साली नौका-सुरक्षेचा कायदा केला आणि वीस फुटांहून लहान होड्यांवर जास्तीत जास्त अश्वशक्तीचा आकडा लिहिलेली पट्टी लावणे बंधनकारक झाले. तो आकडा काढण्याची रीत सोपी आहे. होडीची लांबी आणि मागच्या फळीची रुंदी फुटांत मोजून गुणाकार करावयाचा. चाकाचे सुकाणू आणि पुरेशी उंच फळी असेल, तर त्या गुणाकाराची दुप्पट करून त्यातून ९० वजा करावयाचे, आणि उत्तर पाचाच्या पुढच्या पटीपर्यंत न्यावयाचे. आमच्या तरुणाची होडी १६ फूट लांब, मागची फळी ६ फूट रुंद. गुणाकार ९६, दुप्पट १९२, वजाबाकी करून १०२, म्हणजे पट्टीवरचा आकडा १०५. पंचाहत्तरचे इंजिन या मर्यादेच्या बरेच आत बसते. एकशे पंधराचे तिच्या बाहेर जाते. हा कायदा आपल्या देशाचा नाही, हे खरे. पण लाकूड, फायबर आणि पाणी यांचे नियम देशागणिक बदलत नाहीत.

आता या साऱ्यात कॉम्प्युटर कोठून आला? जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनांत पेट्रोलचा सुमारे पाव हिस्सा न जळताच धुराबरोबर पाण्यात जात असे. १९९६ साली अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने या प्रदूषणावर निर्बंध घातले आणि ते १९९८ पासून टप्प्याटप्प्याने लागू केले. त्यानंतर चार-स्ट्रोक इंजिने आणि थेट इंधन फवारणारी दोन-स्ट्रोक इंजिने यांचा प्रसार झपाट्याने झाला. किती इंधन द्यावयाचे, ठिणगी केव्हा पाडावयाची, फेऱ्या किती होऊ द्यावयाच्या, हे इंजिनातील छोटा कॉम्प्युटर ठरवू लागला. म्हणजे हा कॉम्प्युटर पाणी आणि हवा राखण्यासाठी नेमलेला एक पहारेकरी होता.

मेकॅनिकचे म्हणणे निराधार मात्र नाही. अनेक कंपन्या एकाच गाभ्यावर निरनिराळ्या शक्तीची इंजिने विकतात. मर्क्युरी कंपनीच्या ७५, ९० आणि ११५ अश्वशक्तीच्या चार-स्ट्रोक इंजिनांचा गाभा २०१४ पासून एकच, २.१ लिटरचा आहे. वजनही जवळजवळ सारखेच. "लोखंड तेच, मग जास्तीचे पैसे कशाचे?" हा ग्राहकाचा प्रश्न रास्त आहे. पण दर वेळी फरक केवळ प्रोग्रॅमचाच असतो असे नाही. कधी हवेचा मार्ग, कधी कॅमशाफ्ट, कधी गिअरचे प्रमाण वेगळे असते. आतले काय वेगळे आहे हे भागांच्या यादीवरून ताडून पाहिल्याशिवाय कोणी छातीठोकपणे बोलू नये.

शिवाय मोटारगाडी आणि होडी यांत मोठा फरक आहे. गाडी सपाट रस्त्यावर आपल्या शक्तीचा थोडासाच भाग वापरते, आणि तिला उतारही मिळतो. पाण्यात उतार नाही. होडी सदैव चढच चढत असते.

आणि लाभ किती? पाण्यावर उचलून धावणाऱ्या होडीचा वेग शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, असा नौकाशास्त्रातील जुना ठोकताळा आहे. पंचाहत्तरचे एकशे पंधरा झाले तर शक्ती निम्म्याहून अधिक वाढेल. वेग मात्र फार तर चौथाईने वाढेल. त्यासाठी पूर्ण वेगात पेट्रोल सुमारे दीडपट जळेल, पंखा बदलावा लागेल, कंपनीची हमी बुडेल. नोंदणीच्या कागदावर एक आकडा आणि फळीवर दुसरा, अशी स्थिती होईल. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच विचारील.

अशा शर्यतीचा शेवट काय होतो हे आपल्या केरळमधील बांधवांनी भोगले आहे. इव्हिनरूड यांच्या जन्मभूमीनेच, नॉर्वेने, १९५३ साली कोल्लमजवळच्या नींदकरा आणि शक्तिकुळंगरा या गावांत यांत्रिक मासेमारीचा प्रकल्प आणला. तेथील कितीतरी कोळी कुटुंबे लॅटिन कॅथॉलिक आहेत. पुढे ट्रॉलर वाढले. त्यांच्यासमोर टिकाव धरण्यासाठी १९८० च्या दशकात वल्ह्यांच्या होड्यांवर आऊटबोर्ड इंजिने चढली. आधी सात-आठ अश्वशक्तीची, मग पंचवीस-चाळीसची. मोठ्या जाळ्यांच्या होड्यांवर तर दोन-दोन, तीन-तीन. शेजाऱ्याने वाढविले म्हणून आपण वाढविले. समुद्रातली मासळी काही त्या प्रमाणात वाढली नाही. वाढला तो रॉकेलचा खर्च आणि कर्जाचा बोजा. पहिल्या इंजिनाने कोळ्याचे कष्ट हलके केले, हे कोणी नाकारणार नाही. पण त्यानंतरच्या कितीतरी इंजिनांनी केवळ शेजाऱ्याशी बरोबरी साधली.

मी त्या तरुणाला विचारले, "तुझे गिऱ्हाईक वेग कमी म्हणून परत जाते का?" तो थोडा विचार करून म्हणाला, "नाही, फादर. पलीकडच्याने मोठे इंजिन घेतले ना, म्हणून."

बुरूज बांधण्याआधी खाली बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशूने आपल्याबरोबर चालणाऱ्या लोकसमुदायाला सांगितले. मी त्याला तेच सांगितले. आधी तळ घासून घे, योग्य मापाचा पंखा बसव, नको ते वजन उतरव. एवढ्यानेच पुष्कळ फरक पडेल. तरीही शक्ती कमी वाटली, तर होडीची मर्यादा पाहून नव्वदचे इंजिन रीतसर घे आणि कागदावर त्याची नोंद कर. कारण त्या फळीमागे इंजिन असते, आणि फळीपुढे तुझ्या भरवशावर बसलेली कोणाची तरी लेकरे असतात.