रेंडर-एक्स्पोर्टची कुळकथा

कट मारून झाले, रंग जुळले, आवाज बसला. एडिटर एक्स्पोर्टचं बटन दाबतो आणि पडद्यावरची पट्टी सरकताना बघत बसतो. एडिटिंगच्या क्लासला नव्याने आलेल्या मुलांना इथे हमखास प्रश्न पडतो: काम तर सगळं झालंय, मग मशीन आता करतंय तरी काय? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की काम अजून व्हायचंच आहे. सॉफ्टवेअर प्रीमिअर असो, एडियस असो की रिझॉल्व्ह, मूळ फूटेजला आपण हातही लावलेला नसतो. कुठल्या क्लिपचा कुठून कुठपर्यंतचा तुकडा, कोणामागून कोण, डिझॉल्व्ह कुठे, एवढी नोंद फक्त टाइमलाइनवर असते. त्या नोंदीबरहुकूम एकेक फ्रेम प्रत्यक्ष तयार करायची म्हणजे रेंडर. आणि तयार फ्रेम आवळून फाइलीत भरायच्या म्हणजे एक्स्पोर्ट. ठरवणारा एक आणि घडवणारा दुसरा, ही वाटणी कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची आहे.

फिल्मच्या काळात एडिटर मूळ निगेटिव्हला हात लावत नसे. निगेटिव्ह एकच, तिच्यावर ओरखडा उठला की शॉट कायमचा गेला. म्हणून लॅब रश प्रिंट, म्हणजे कामापुरती प्रत, काढून द्यायची आणि एडिटर मुव्हिओला किंवा स्टीनबेक या एडिटिंगच्या यंत्रांवर ती कापत-जोडत राहायचा. पुण्यात प्रभातच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथल्या कित्येक विद्यार्थ्यांचा हात स्टीनबेकवरच बसला. डिझॉल्व्ह हवा असला तर तो एडिटरला टेबलावर दिसतसुद्धा नसे. मेणाच्या पेन्सिलीने प्रिंटवर तिरकी रेघ ओढायची, तिचा अर्थ लॅबमधल्या माणसाने लावायचा आणि दोन शॉट एकमेकांत मिसळून द्यायचे. आज प्रीमिअरमध्ये जड इफेक्ट टाकला की टाइमलाइनच्या माथ्यावर लाल रेघ उमटते. त्या दोन रेघांचं सांगणं एकच: हे अजून घडवायचं बाकी आहे.

रश प्रिंट मनासारखी कापून झाली की निगेटिव्ह कटरचं काम सुरू व्हायचं. फिल्मच्या काठावर छापलेले नंबर प्रिंटशी ताडून, पांढरे हातमोजे घालून, तो मूळ निगेटिव्ह कापायचा. चुकीला जागा नव्हती. मग ग्रेडिंग, मग आवाजाची पट्टी चित्राशेजारी छापून तयार होणारी मॅरिड प्रिंट. तिची फर्स्ट कॉपी हाती आली की निर्मात्याचा जीव भांड्यात पडायचा. आजच्या एक्स्पोर्टचा थेट पूर्वज शोधायचा तर तो या फर्स्ट कॉपीत सापडतो.

१९५६ साली अमेरिकेत अँपेक्स कंपनीने व्हिडिओ टेप रेकॉर्डर आणला आणि ठरवणं नि घडवणं वेगळं ठेवायची ही शिस्त काही काळ मोडलीच. टेपवर चित्र डोळ्यांना दिसत नाही. तरी लोक ती ब्लेडने कापत. लोहकणांचं द्रावण लावून चुंबकीय रेषा उमटवायच्या, सूक्ष्मदर्शकातून त्या बघायच्या आणि नेमक्या दोन रेषांमध्ये पातं फिरवायचं. पुढे टेप न कापता एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर नक्कल उतरवायची सोय झाली. पण नकलेची नक्कल काढली की चित्र दरवेळी थोडं मळायचं.

यातून वाट निघाली १९७१ साली. सीबीएस ही टीव्ही कंपनी आणि मेमोरेक्स यांनी मिळून काढलेल्या सीएमएक्स कंपनीने ६०० नावाचं यंत्र आणलं. दोन पडदे, एक प्रकाशलेखणी, मागे एक कॉम्प्युटर आणि कपडे धुण्याच्या मशीनएवढ्या डिस्कची रांग. एवढा पसारा मांडून त्यात मावायचं जेमतेम अर्ध्या तासाचं फूटेज, तेही कृष्णधवल आणि धूसर. किंमत अडीच लाख डॉलर. अशी यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच बनली. पण कुठलाही शॉट क्षणात समोर आणावा, क्रम बदलावा, पुन्हा बदलावा, ही आज गृहीत धरलेली मोकळीक तिथे पहिल्यांदा मिळाली.

मला या यंत्रापेक्षा त्यातून बाहेर पडणारी वस्तू अधिक महत्त्वाची वाटते. ६०० मधून चित्रपट बाहेर पडत नसे. बाहेर पडे ती भोकं पाडलेली कागदी पट्टी. त्या पट्टीवर यादी: घटनेचा क्रमांक, टेपचा क्रमांक, कट की डिझॉल्व्ह, डिझॉल्व्ह असेल तर किती फ्रेमचा, आणि मूळ टेपवरचे व तयार टेपवरचे आरंभ-अखेरचे टाइमकोड. ही पट्टी सीएमएक्स २०० या दुसऱ्या यंत्राला भरवली की ते मूळ टेप फिरवून, यादीप्रमाणे, पूर्ण दर्जाचा कार्यक्रम जुळवत जाई. मेणाच्या पेन्सिलीची रेघ आता आकड्यांत उतरली होती आणि निगेटिव्ह कटरच्या जागी यंत्र आलं होतं. त्या यादीला ईडीएल, म्हणजे एडिट डिसिजन लिस्ट, म्हणतात. सीएमएक्स कंपनी कधीच बंद पडली, पण तिच्या ३६०० या मॉडेलच्या नावाने ओळखली जाणारी ईडीएल आजही रिझॉल्व्हमधून काढता येते.

१९८९ मध्ये अ‍ॅव्हिड आला, १९९१ मध्ये प्रीमिअर. एडिटिंग डेस्कटॉपवर आलं, पण सुरुवातीला अ‍ॅव्हिडवरही बहुतेक जण धूसर चित्रावर निर्णय घेत आणि शेवटी ईडीएलच बाहेर काढत. अडचण आकाराची होती. आपल्याकडच्या टीव्हीच्या मापाचं, ७२० बाय ५७६ चं, सेकंदाला २५ फ्रेमचं चित्र न आवळता साठवलं तर एका सेकंदाला सुमारे २० मेगाबाइट लागतात. तासाला ७० गिगाबाइटच्या वर. त्या काळच्या डिस्कना हे कुठून झेपावं?

या कुळकथेतलं सर्वांत अभिमानाचं पान इथे उलगडतं. बंगळुरूत १९४० साली जन्मलेले, तिथेच इंजिनिअरिंग शिकलेले नासिर अहमद याच्या बरंच आधी अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत. १९७२ साली त्यांनी चित्रातली माहिती कोसाइन लहरींत मांडण्याची कल्पना नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदानासाठी पाठवली. अर्ज नामंजूर झाला. एका परीक्षकाला कल्पना फारच सोपी वाटली होती. अहमद थांबले नाहीत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्मवरचा छोटासा, चार पानी शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला.

त्यातली युक्ती खरोखर सोपी आहे. चित्राचा ८ बाय ८ पिक्सेलचा चौकोन घ्या. त्यातले ६४ आकडे अशा ६४ आकड्यांत बदलायचे, की पहिला त्या चौकोनाची सरासरी सांगेल आणि पुढचे क्रमाने बारीक होत जाणारे चढउतार. निरभ्र आकाश किंवा भिंत असली तर बारीक चढउतारांचे आकडे जवळजवळ शून्य निघतात. जे थोडे उरतात त्यांतले बरेच डोळ्याला जाणवत नाहीत. तेही शून्य करून टाकायचे. शून्यांची रांग साठवायला जागा लागतेच किती? बिटरेट, म्हणजे सेकंदाच्या वाट्याला येणारी जागा, फार कमी ठेवून एक्स्पोर्ट केलं की अक्षता उधळतानाच्या शॉटमध्ये जे चौकोन दिसू लागतात, ते हेच. तिथे चढउतार इतके असतात, की जागेत बसवायला डोळ्याला जाणवणारे आकडेही शून्य करावे लागतात.

जेपेग याच सूत्रावर उभं आहे. डीव्हीडीचं एमपेग-२ आणि २००३ साली आलेलं एच.२६४ यांत त्याला आणखी एक जोड आहे: चित्राचा एखादा चौकोन आधीच्या फ्रेममधून कुठून सरकत आला ते शोधायचं आणि फक्त फरक लिहायचा. एक्स्पोर्टचा बराचसा वेळ या शोधाशोधीत जातो. पण त्याचं फळ बघा. फुल एचडीचं एक मिनिट न आवळता साडेचार गिगाबाइटच्या पुढे जातं. सेकंदाला १६ मेगाबिटने एक्स्पोर्ट केलं तर १२० मेगाबाइटमध्ये बसतं.

महाराष्ट्रात आज तालुक्याच्या गावीही एडिटिंग शिकवलं जातं. तिथल्या शिक्षकांना एक विनंती आहे. एच.२६४ निवडा, बिटरेट एवढा ठेवा, हे सांगण्याआधी दहा मिनिटं काढा आणि बंगळुरूच्या नासिर अहमदांचं नाव फळ्यावर लिहा.