आगकाडी, चढ आणि वणवा

आगकाडी पेटवून तिचा गूल वरच्या बाजूला धरा. ज्योत सावकाश खाली सरकते, कधी विझूनही जाते. आता दुसरी काडी पेटवून गूल खाली करून धरा. ज्योत झरझर वर चढते, आणि चटका बसण्याआधी काडी टाकून द्यावी लागते. असे का होते?

लाकूड किंवा गवत सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापले की त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात. ज्वाळा दिसतात त्या हे वायू पेटल्यामुळे. ज्योतीची उष्णता वर जाते, त्यामुळे काडीचा वरचा भाग आधीच तापून तयार असतो. डोंगरउतारावरचा वणवाही असाच चढतो. त्याच्या ज्वाळा चढावरच्या गवताच्या जवळ येतात आणि ते पेटण्यापूर्वीच तापवून ठेवतात. चढ १० अंशांनी वाढला की वणव्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ठोकताळा आहे.

अमेरिकेतील माँटाना राज्यात मिसूरी नदीकाठी मान गल्च नावाची घळ आहे. तिथे वीज पडून लागलेली आग विझवण्यासाठी ५ ऑगस्ट १९४९ रोजी विमानातून १५ जण हवाई छत्रीने उतरले. आधीपासून आगीशी झुंजणारा एक रक्षक त्यांना येऊन मिळाला. आग घळीच्या पलीकडच्या अंगाला होती, म्हणून ते अलीकडच्या बाजूने नदीकडे निघाले. पण वाऱ्याबरोबर आग घळीच्या तोंडाशी ओलांडून आली आणि वाट बंद झाली. सगळे मागे फिरून चढ चढू लागले. चढ, वाळलेले गवत आणि वारा या तिन्ही गोष्टी वणव्याच्या बाजूने होत्या.

आग अगदी पाठीशी आली तेव्हा तुकडीचा प्रमुख वॅग डॉज थांबला आणि त्याने काडी ओढून पुढचेच गवत पेटवले! ते भराभर जळून गेले. त्या राखेत शिरून, तोंडावर ओला रुमाल धरून तो पालथा पडला. सहकाऱ्यांनाही त्याने बोलावले, पण कोणी थांबले नाही. १३ जण मृत्युमुखी पडले. डॉज वाचला, आणि कड्यातल्या कपारीतून पलीकडे निसटलेले दोघे वाचले.

आगीला इंधन, उष्णता आणि ऑक्सिजन तिन्ही लागतात. त्या उघड्या उतारावर ऑक्सिजन तोडणे शक्य नव्हते आणि पाणीही नव्हते. डॉजने इंधन काढून घेतले. आपल्याकडे उन्हाळ्यापूर्वी गवताचे पट्टे जाळून जाळरेषा काढतात, त्यामागचे तत्त्व हेच. ही युक्ती आपल्याला कोणी शिकवली नव्हती, असे डॉजने नंतर सांगितले. मग जीव घेऊन पळणाऱ्यांना ती क्षणार्धात कशी पटावी? आगीपासून पळताना प्रमुखच नवी आग लावतो आहे, एवढेच त्यांना दिसले असणार.

या दुर्घटनेनंतर वणव्याच्या अभ्यासाला जोर आला. १९५७ मध्ये तिथल्या अग्निशामकांसाठी दहा नियम ठरले. १९६० मध्ये माँटानातच, मिझूला येथे, वणव्यांची प्रयोगशाळा सुरू झाली. तिथल्या रिचर्ड रॉथरमेल यांनी १९७२ मध्ये इंधन, वारा आणि चढ यांवरून वणव्याचा वेग काढण्याची समीकरणे मांडली. १९९३ मध्ये त्यांनी मान गल्चमधल्या त्या धावण्याचा हिशेब मांडला. ती शर्यत जिंकता येणारी नव्हतीच, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

काडीचा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवा, पाण्याची बादली मात्र जवळ ठेवा. मग मुलांना विचारा: वणवा खालून येत असेल तर पळायचे कुठे?