समाजभौतिकी

समाजभौतिकी : माणसांच्या समूहवर्तनाचा अभ्यास सांख्यिकीय भौतिकी आणि जाल-विज्ञान यांच्या पद्धतींनी करणारी ज्ञानशाखा. एकेका व्यक्तीच्या मनाचा ठाव घेणे हे तिचे काम नाही. असंख्य माणसांच्या परस्परसंबंधांतून गर्दी, लोकमत, अफवा, साथ, बाजारातील तेजीमंदी हे सामूहिक आकार कसे उभे राहतात, हे ती पाहते.

पूर्वेतिहास : बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ आदॉल्फ केतले यांनी 1835 मध्ये जन्म, विवाह, गुन्हे यांच्या आकड्यांतील वर्षानुवर्षांची स्थिरता दाखवून सामाजिक भौतिकीची कल्पना मांडली. वायूच्या रेणूंचा विचार करताना मॅक्सवेल यांच्यावर केतले यांच्या पद्धतीचा प्रभाव पडला, असे विज्ञानेतिहासकार मानतात. तसे असेल तर समाजाकडून भौतिकीने आधी घेतले आणि मग परत केले. टॉमस शेलिंग यांचे वस्त्यांच्या विभागणीचे प्रतिमान (1971), सर्ज गलाम व सहकाऱ्यांचे कारखान्यातील संपाचे प्रतिमान (1982), वॉट्स व स्ट्रोगॅट्झ यांचे ‘छोटे जग’ (1998) आणि बाराबाशी व अल्बर्ट यांची विषम जोडणीची जाळी (1999) हे पुढचे टप्पे.

कोसंबींचे नाणेसंशोधन : दामोदर धर्मानंद कोसंबी (1907–66) यांचे नाव या शाखेच्या इतिहासात सहसा घेतले जात नाही, ते घेतले गेले पाहिजे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना त्यांनी तक्षशिलेच्या भीर टेकाडात सापडलेल्या आहत (ठसे मारून पाडलेल्या) नाण्यांच्या वजनांचा सांख्यिकीय अभ्यास हाती घेतला. 1940 पासून त्यांचे या विषयावरील लेख ‘करंट सायन्स’मध्ये येऊ लागले. चलनात फिरणारे नाणे प्रत्येक व्यवहारात किंचित झिजते. एका नाण्याची झीज सांगता येत नाही. पण एकाच काळी पाडलेल्या नाण्यांचे सरासरी वजन काळाबरोबर घटत जाते आणि वजनांतील फरक वाढत जातो. भौतिकीतील यदृच्छ चालीचेच, म्हणजे योगायोगाने पडणाऱ्या लहान लहान पावलांच्या चालीचेच, हे रूप होय. हा नियम जुन्या नाण्यांना लावण्याआधी कोसंबींनी चालू चलनातील नाणी गोळा करून तोलली. वर्ष कोरलेले असल्यामुळे त्यांचे वय ठाऊक होते, आणि त्यांच्यावर नियम पडताळता येत होता. त्यानंतरच त्यांनी वजनांवरून साठ्यातील नाण्यांच्या गटांचा कालक्रम लावला. नाण्याच्या मागील बाजूचे छोटे ठसे व्यापाऱ्यांनी ठरावीक काळाने केलेल्या तपासणीचे आहेत, हा त्यांचा निष्कर्ष सर्व नाणेतज्ज्ञांना मान्य नाही. पद्धतीचे मोल त्याने कमी होत नाही: अगणित अनामिक हातांची देवाणघेवाण त्यांनी तराजूवर वाचली.

दुव्याची व्याख्या, वसमतचे उदाहरण : जाळे म्हणजे बिंदू आणि दुवे. दुवा कशाला म्हणायचे, यावर पुढचे सारे गणित ठरते. भारतीय रेल्वेवरील परोंगमा सेन व सहकाऱ्यांच्या अभ्यासात (2003) रुळांना दुवा मानलेले नाही. एकच गाडी ज्या दोन स्थानकांवर थांबते, ती जोडलेली मानली. प्रवाशाच्या दृष्टीने हीच व्याख्या खरी, कारण त्याला गाडी किती वेळा बदलावी लागेल ते तीत मोजले जाते. अशा मोजणीत हे जाळे ‘छोटे जग’ ठरले: कोणत्याही स्थानकावरून दुसऱ्यावर थोड्याच गाड्या बदलून जाता येते. हिंगोली जिल्ह्यातील वसमत (रेल्वेच्या लेखी बसमत) हे पूर्णा–अकोला मार्गावरचे स्थानक. रुळांच्या नकाशात ते एका रेषेवरचा ठिपका, दोन्हीकडे एकेक शेजारी. गाड्यांच्या जाळ्यात मात्र त्याला दूरदूरचे शेजारी मिळतात.

गावात हाच प्रश्न अधिक बिकट होतो. वसमत परिसरात हळद काढणीला सावडीने जाणारी घरे, सोयरिकीने बांधलेली घरे, मोंढ्यात एकाच अडत्याकडे माल घालणारी घरे, ही तीन वेगळी जाळी आहेत. अडतीचे जाळे ताऱ्यासारखे असते: मध्ये अडत्या, भोवती शेतकरी. तो बाजूला झाला की सारे दुवे एकदम तुटतात. ऊसतोडीत मुकादमाचेही तसेच. सावडीत देणे-घेणे दुतर्फा असते, एक घर वगळले तरी ती टिकते. हळदीचा भाव, नवे बेणे आणि आजार यांच्या वाटा म्हणूनच एक नसतात. कर्नाटकातील 75 खेड्यांत बॅनर्जी, चंद्रशेखर, दुफ्लो व जॅक्सन यांनी (2013) घरोघर विचारलेले प्रश्न या दृष्टीने आदर्श आहेत: रॉकेल-तांदूळ उसने कोणाकडून घेता, सल्ला कोणाचा घेता, देवळात कोणाबरोबर जाता. सूक्ष्मकर्जाची योजना खेड्यांत कशी पसरते, हे त्यांना पाहायचे होते. तिची माहिती ज्यांना प्रथम दिली, त्यांचे जाळ्यातील स्थान जितके मोक्याचे, तितका कर्जयोजनेतील सहभाग जास्त आढळला. ही पाहणी अर्थतज्ज्ञांची. तरी भौतिकीच्या अभ्यासकांनी प्रतिमान रचण्याआधी ती वाचावी.

लहान बिंदूंवरील ताण : व्ही. किशोर, एम. एस. संथानम (आयसर, पुणे) आणि आर. ई. अमृतकर यांनी 2011 मध्ये जाळ्यावर यदृच्छ फिरणाऱ्यांचा विचार करून दाखविले, की कमी दुव्यांच्या बिंदूंवर टोकाच्या घटनांची शक्यता मोठ्या बिंदूंपेक्षा जास्त असते. येथे टोकाची घटना म्हणजे त्या बिंदूच्या स्वतःच्या नेहमीच्या वर्दळीपेक्षा फार मोठी वर्दळ. पूर्णा जंक्शन नेहमीच गजबजलेले. लहान स्थानकाला मात्र यात्रेच्या एका दिवसाची गर्दी पेलत नाही. महाराष्ट्राच्या नियोजनासाठी या शाखेने दिलेला हा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष मानावा लागेल.

गर्दी : हेल्बिंग व मोल्नार यांच्या प्रतिमानात (1995) चालणाऱ्यावर ध्येयाची ओढ व इतरांपासूनचे अपसरण ही बले कार्य करतात. दाटी फार वाढली की पाऊल माणसाच्या इच्छेने पडत नाही. धक्क्यांच्या लाटा गर्दीतून पसरतात. चेंगराचेंगरीला ‘लोक घाबरले’ हे स्पष्टीकरण म्हणूनच अपुरे आहे. वाटेची रुंदी, उतार व येण्याजाण्याचा वेग आधी तपासावा लागतो. नाशिकचा कुंभमेळा (27 ऑगस्ट 2003; 39 मृत्यू) व वाईजवळील मांढरदेवीची यात्रा (25 जानेवारी 2005; मृतांचे आकडे वेगवेगळे दिले जातात, सर्व अडीचशेच्या वर) या दुर्घटना अरुंद वाटांवरच्या आहेत. चट्टराज, सेफ्रीड व चक्रवर्ती यांच्या तुलनेत (2009) एका रांगेत चालणारे भारतीय जर्मनांपेक्षा अधिक दाटीतही वेग टिकवतात असे दिसले. परदेशी मोजमापे जशीच्या तशी येथे लावू नयेत, एवढे त्यातून निश्चित.

मतप्रसार : शेजाऱ्याचे मत उचलणारा मतदार व शेजारच्या अणूंप्रमाणे दिशा बदलणारी चुंबकातील अणूची फिरकी यांचे गणित सारखे मांडता येते; निवडणुकांच्या भाकितासाठी मात्र त्याची उपयुक्तता वादग्रस्त आहे.

आक्षेप : माणसाला कण मानल्याने हेतू, सत्ता व जात निसटतात, असा समाजशास्त्रज्ञांचा मुख्य आक्षेप. दुव्यांच्या नोंदीत जात व सोयरिक घेतल्यास तो काही अंशी दूर होतो. पण अशा नोंदी कोणी ठेवाव्यात यावर एकमत नाही.

संस्था : साहा अणुभौतिकी संस्था व कलकत्ता विद्यापीठ (कोलकाता), गणितीय विज्ञान संस्था (चेन्नई), महाराष्ट्रात आयसर (पुणे) व सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ.